पफिन गेले, बोटी चालू आहेत

ऑगस्ट महिन्यात सीहाउसेसच्या धक्क्यावर दिवसातून पन्नास वेळा तरी एकच प्रश्न कानावर येतो. "पफिन दिसतील ना?" आणि त्याचं खरं उत्तरही एकच असतं. "नाही हो, ते गेले."

सीहाउसेस म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, नॉर्थम्बरलंडमधलं एक छोटंसं बंदर. न्यूकॅसलहून बसने तीनेक तास. समोर समुद्रात दोन-अडीच किलोमीटरपासून सात-आठ किलोमीटरपर्यंत विखुरलेली फार्न बेटं. भरतीला पंधरा-वीस मोजता येतात, मोठ्या ओहोटीला अठ्ठावीसपर्यंत डोकी वर येतात. २०२४ चा अख्खा उन्हाळा मी या बंदरावर बोटीची तिकिटं विकली, गर्दीच्या वेळी बोटीवर दोरखंडही सांभाळले. पीएचडीची पदवी हातात पडली होती, पवनचक्क्यांच्या कंपनीतली संशोधनाची नोकरी ऑक्टोबरात सुरू होणार होती, आणि इथे डॉक्टरेटनंतर मिळणाऱ्या तीन वर्षांच्या व्हिसावर कुठलंही काम करता येतं. मधले सहा महिने मोकळे होते. घरी बसून खोलीचं भाडं भरण्यापेक्षा बंदरावर जावं असं ठरवलं.

हे ऐकून चिपळूणच्या आत्याने फोनवर विचारलं, "अगं, डॉक्टर झालीस ना? मग बोटीची तिकिटं कसली फाडतेस?" तिच्या प्रश्नाकडे मी मागाहून येणार आहे, कारण तो वाटतो तितका साधा नाही. पण आधी त्या पफिनचं काय ते सांगते, कारण या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या पक्ष्याच्या वेळापत्रकात आहे.

पफिनला मराठी नाव नाही. आपल्याकडे तो येतच नाही. कबुतराहून थोडा लहान, साडेतीनशे-चारशे ग्रॅम वजनाचा, काळा कोट आणि पांढरा शर्ट घातल्यासारखा. चोच मात्र जत्रेतल्या मुखवट्यासारखी रंगीत, आणि तीही फक्त विणीच्या हंगामात. हिवाळ्यात हा पक्षी जमिनीवर येतच नाही, खुल्या समुद्रात लाटांवर राहतो. मार्च-एप्रिलमध्ये बेटांवर येतो, बहुधा त्याच जोडीदाराबरोबर, बहुधा त्याच बिळात. जोडीला वर्षाला एकच अंडं. पिल्लू बिळात वाढतं, आई-बाप चोचीत वाळूमासे आडवे लावून आणतात. मग एका रात्री पिल्लू एकटंच अंधारात बिळातून निघतं आणि समुद्रात जातं. जुलै संपेपर्यंत बेट जवळजवळ रिकामं. मांडव उतरवलेल्या लग्नघरासारखं.

आता इंग्लंडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी कधी लागते? जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे पाहुणे निघतात तेव्हा यजमान घर सोडत असतात. गाडीच्या मागच्या सीटवर दोन मुलं, हातात कापडी पफिन (तो दुकानात बारा महिने मिळतो), आणि आई-बापांनी तीन-चार तास गाडी हाकलेली. अशा कुटुंबाला "ते गेले" म्हणणं हे आमचं ऑगस्टमधलं काम.

मी जिथे काम करत होते तिथे पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हे वाक्य पैसे घेण्याआधी बोलायचं, नंतर नाही. आधी सांगायचं की पफिन नाहीत. मग सांगायचं की करड्या रंगाचे सील आहेत, खडकांवर पंख वाळवत बसलेले शॅग आहेत, नशीब असेल तर डॉल्फिन. मग विचारायचं, यायचंय का? काही लोक परत फिरत. बरेचसे येत. आणि जे येत ते बोटीतून उतरताना भांडत नसत, कारण त्यांना जे विकलं होतं तेच मिळालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? दुकानदाराने खरं बोलावं एवढंच ना? मला तसं वाटत नाही. माझं मत असं झालंय की वन्यजीवांच्या जिवावर चालणारा कुठलाही पर्यटन व्यवसाय किती वर्षं टिकेल हे तिथला माणूस गिऱ्हाइकाला किती वेळा "नाही" म्हणू शकतो यावर ठरतं. आणि तो "नाही" म्हणू शकेल अशी व्यवस्था करणं हे एकट्या बोटवाल्याचं काम नाही. ते सगळ्या बंदराचं, सरकारचं आणि मुख्य म्हणजे आपल्यासारख्या पर्यटकांचं काम आहे.

फार्न बेटांवर हे "नाही" जागोजागी ऐकू येतं. बेटं नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे १९२५ पासून आहेत. बेटावर कुत्रा नेता येत नाही. इनर फार्नवर फळ्यांची वाट आहे, ती सोडून एक पाऊलही बाजूला टाकायचं नाही, कारण बाजूची जमीन बिळांनी पोखरलेली आहे आणि पाय आत गेला तर खाली पिल्लू आहे. उतरण्याची फी वेगळी, बोटीचं तिकीट वेगळं. ट्रस्टचे रेंजर वर्षातले बरेच महिने बेटावरच राहतात, जुन्या दगडी बुरुजात. नळाचं पाणी नाही. मोजणीच्या वेळी ही मंडळी जमिनीवर पालथी पडून बिळात खांद्यापर्यंत हात घालतात आणि आत कुणी आहे का ते चाचपतात. आत कुणी असलं तर तो चोच मारून हजेरी देतो.

तिथे "पाहू नका, आधी त्यांचं होऊ द्या" ही परंपराही जुनी आहे. सातव्या शतकात कथबर्ट नावाचा साधू इनर फार्नवर राहत होता, ६८७ साली तिथेच वारला. त्याने इ.स. ६७६ च्या सुमारास बेटावरच्या पक्ष्यांना अभय दिलं असं मानतात. तिथल्या आयडर बदकाला लोक आजही त्याच्या नावाने हाक मारतात, "कडीचं बदक". आपल्याकडच्या देवराईसारखीच गोष्ट. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, कारण देवाचं आहे.

पण साधूच्या पुण्याईवर सगळं चालतं असं समजू नका. २०२२ च्या उन्हाळ्यात या बेटांवर बर्ड फ्लू आला. रेंजर पांढरे संरक्षक सूट घालून हजारो मेलेले पक्षी गोळा करत होते. जुलै २०२२ मध्ये बेटांवर उतरणं बंद झालं. २०२३ चा सगळा मोसम ते बंदच राहिलं. इनर फार्न पुन्हा उघडलं ते २०२४ मध्ये, म्हणजे मी तिथे गेले त्याच वर्षी. मधल्या काळात बोटी फक्त बेटांना फेरी मारून परत येत.

बंदरावर त्या दोन वर्षांबद्दल मी बरंच ऐकलं. उत्पन्न कमी झालं ते सगळ्यांचंच झालं. पण "उतरू द्या, काय होतंय" असा आग्रह धरणारा तांडेल मला भेटला नाही. असेलही एखादा, मला भेटला नाही एवढंच. याचं कारण ही माणसं आपल्याहून जास्त सज्जन आहेत असं नाही. त्यांना ठाऊक होतं की बंदी सगळ्यांना सारखी आहे. मी नाही उतरवलं म्हणून शेजारचा उतरवून माझं गिऱ्हाईक पळवेल, ही भीती नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मालवणला गेल्यावर लागणार आहे.

२०२४ च्या मोजणीत पफिनच्या सुमारे पन्नास हजार जोड्या भरल्या. २०१८ मध्ये त्या चव्वेचाळीस हजारांच्या आसपास होत्या. म्हणजे पफिन तरले. सुरय पक्ष्यांचं मात्र उलट झालं. आर्क्टिक सुरय हा शंभर ग्रॅमचा पक्षी. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी फार्नवरच्या एका सुरयच्या पायाला छोटं उपकरण बांधलं होतं. जुलै २०१५ मध्ये निघून, अंटार्क्टिकाला जाऊन, मे २०१६ मध्ये तो परतला तेव्हा त्याचा प्रवास ९६,००० किलोमीटर भरला होता. पृथ्वीला दोन फेऱ्या मारून वर बरंच काही. हा पक्षी वाटेच्या अगदी कडेला अंडी घालतो आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात चोच मारतो. म्हणून आम्ही तिकिटाबरोबर "टोपी आणलीत ना?" असं विचारायचो. तर बेटावरच्या मंडळींचं म्हणणं असं की माणसं यायची थांबली तेव्हा मोठे कुरव धीट झाले असावेत. त्यांनी सुरयांची अंडी-पिल्लं खाल्ली आणि सुरयांची संख्या घटली. वाटेवरून शिस्तीत चालणारी माणसं त्या सुरयांना एक प्रकारे राखण पुरवत होती!

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातलं एक सोपं समीकरण मोडलं. पर्यटक म्हणजे उपद्रव, आणि निसर्ग वाचवायचा तर माणसाला हाकला, असं मानणारा एक वर्ग आपल्यातही आहे. दुसरा वर्ग म्हणतो की पर्यटन वाढलं की पैसा येतो आणि पैसा आला की सगळं ठीक होतं. दोन्ही खोटं. शंभर माणसं वाटेवरून चालली तर सुरयला आधार, आणि त्यातली दहा वाटेबाहेर गेली तर पफिनच्या बिळाचा चुराडा. माणसं तीच, संख्या तीच. फरक त्या फळ्यांच्या वाटेचा आणि तिथे उभं राहून "मागे या" म्हणणाऱ्या पगारी माणसाचा.

आता आत्याचा प्रश्न. आत्याला तिकीट फाडण्यात कमीपणा वाटला, कारण आपल्याकडे मोसमी काम म्हणजे ज्याला दुसरं काही मिळत नाही त्याचं काम. आंब्याच्या बागेत राखणीला येणारे, ऊसतोडीला जाणारे, खलाशी म्हणून आठ महिने समुद्रावर राहणारे. त्यांच्या कामाला आपण कौशल्य म्हणत नाही. सीहाउसेसला माझ्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका होत्या, कॉलेजात जाणारा एक मुलगा होता, आणि ज्याचे वडील-आजोबा हेरिंग पकडायचे असा एक तांडेल होता. त्या बंदरावरची मासेमारी आटली आणि पर्यटन वाढलं, तसे त्याच घरांतले लोक जाळी ठेवून माणसं वाहायला लागले. पाण्याकडे पाहून हा माणूस सांगायचा की दुपारी बोट जाणार नाही. आणि खरंच जायची नाही. माझ्या मोबाईलवर त्या वेळी ऊन आणि मंद वारा दिसत असायचा. वारा मंद होता हे बरोबरच, पण दूर उत्तरेकडून येणारी फुगवटी बेटाच्या धक्क्यावर बोट टेकू देणार नाही हे त्याला आदल्या दिवशीच कळलेलं. मी पाच वर्षं भार, कंपन आणि लाटा यांवर घालवली आहेत. त्या माणसाच्या ज्ञानाला पदवी नाही एवढाच आमच्यातला फरक.

पण म्हणून मी या कामाला सोन्याचा मुलामा देणार नाही. परदेशातल्या कष्टाच्या कामाबद्दल लिहिताना आपले लोक "इथे श्रमाला प्रतिष्ठा आहे" असं एक वाक्य टाकतात आणि मोकळे होतात. प्रतिष्ठा आहे, पण घर नाही. एप्रिल २०२४ पासून इथलं किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होतं. त्या वेळच्या दराने बाराशे रुपयांच्या आसपास. रुपयांत गुणलं की डोळे मोठे होतात, पण खोली शोधायला निघालं की लहान होतात. या किनाऱ्यावरची घरंच्या घरं शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवली आहेत. जानेवारीत गल्लीच्या गल्ली अंधारात असते. २०१८ मध्ये सीहाउसेस, बॅम्बरा, बीडनेल या परिसरातल्या लोकांनी मतदान करून एक आराखडा मंजूर केला, की नवीन बांधलं जाणारं घर हे कुणाचं तरी राहतं घर असलं पाहिजे, सुट्टीचं नव्हे. मला खोली मिळाली ती बंदरापासून तासभर बसच्या अंतरावर. शेवटची बस चुकली की संपलं. ज्या माणसांनी पक्ष्यांची राखण करायची त्यांना स्वतःचं बीळ मिळत नाही, असं आम्ही चेष्टेत म्हणायचो, पण ती चेष्टा फारशी नव्हती.

हे सांगायचं कारण असं की "नाही" म्हणायला माणसाच्या पायाखाली थोडी जमीन लागते. ज्याचं घरभाडं आजच्या फेरीवर अवलंबून आहे तो माणूस "आज समुद्र चांगला नाही" हे वाक्य गिळून टाकू शकतो. म्हणून मोसमी कामगाराला नीट वेतन आणि डोक्यावर छप्पर हा पक्षीसंवर्धनाचाच भाग आहे असं मला वाटतं. तो वेगळा विषय नाही.

आता मालवण. माझं आजोळ तिथलं, म्हणून बोलायचा थोडा हक्क समजते. तारकर्ली-मालवणकडे, तसंच दापोली-मुरूड-हर्णैकडे डॉल्फिन दाखवायच्या बोटी निघतात, हे तुम्हाला माहीत आहेच. काही वर्षांपूर्वी मीही एका बोटीत होते. पाठीचा एक पंख वर आला आणि चार दिशांनी चार बोटी इंजिनं खेचत तिथे धावल्या. पंख बुडाला. दुसरीकडे वर आला, पुन्हा चार बोटी. बोटीत आरडाओरडा, मोबाईल वर, "तिकडे घे, तिकडे घे" असा गलका. अर्ध्या तासात डॉल्फिन दिसला म्हणायचा तो एकूण दहा सेकंद.

आपला डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीत. ताडोब्यात चार जिप्सींनी वाघाला घेरलं की वर्तमानपत्रात बातमी येते. समुद्रात घेरलेल्या डॉल्फिनची येत नाही, कारण तो पाण्याखाली जातो आणि आपण समजतो की तो पोहायला गेला.

यावर एक उत्तर हमखास मिळतं. "अहो, आम्ही त्याला हातही लावत नाही. एका बोटीने काय होतंय?" इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. पवनचक्कीचं पातं वादळाने मोडतं असं लोकांना वाटतं. वादळाचा हिशोब आम्ही आधीच केलेला असतो. पात्याला खरा धोका असतो तो रोजच्या वाऱ्याच्या छोट्या छोट्या हेलकाव्यांचा. एक हेलकावा काहीच करत नाही. कोटी-कोटी हेलकावे झाले की आत कुठेतरी केसाएवढी चीर पडते, ती वाढते, आणि एक दिवस अगदी साध्या वाऱ्यात पातं जातं. आम्ही याला थकवा म्हणतो. तारेचा तुकडा हाताने तुटत नाही पण पुढे-मागे वीस वेळा वाकवला की तुटतो, तेच हे. डॉल्फिनच्या मादीला पिल्लाला पाजायचं असतं, मासे धरायचे असतात, झोपायचं असतं. दिवसातून एकदा पळावं लागलं तर ती पळेल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी पळावं लागलं तर ती एक दिवस ती खाडी सोडून जाईल. मग बोटवाला कुठली खाडी दाखवणार? कुठलीच एक बोट गुन्हेगार नसते, म्हणूनच नियम सगळ्या बोटींना मिळून लागतो.

बोटवाल्याची बाजूही मला दिसते. पुण्याहून आठ तास गाडी चालवून माणूस आलेला असतो. त्याने पैसे "डॉल्फिन दाखवा" म्हणून दिलेले असतात. नाही दिसला तर तो बोटवाल्याला लबाड म्हणतो, पैसे परत मागतो. शेजारची बोट "हमखास दाखवतो" म्हणून ओरडत असते. अशा वेळी त्या बोटवाल्याला निसर्गप्रेमाचं व्याख्यान देणं सोपं आहे. पण त्याच्या हातात काय आहे? फार्नच्या तांडेलाला जे मिळालं ते याला आपण दिलेलंच नाही, म्हणजे सगळ्यांना सारखा नियम. ब्रिटनमध्ये वन्यजीव दाखवणाऱ्या बोटींसाठी वाइज नावाचं एक प्रशिक्षण आहे. जवळ कसं जायचं, कधी थांबायचं, इंजिन कधी मंद करायचं, एका प्राण्याजवळ किती बोटी असाव्यात, हे त्यात शिकवतात. यात रॉकेट सायन्स नाही. मालवणच्या तांडेलाला हे कुणी शिकवायचीही गरज नाही, त्याला आधीच येतं. त्याला हवी आहे ती शेजारच्या बोटीनेही तसंच वागण्याची खात्री.

आणि "बंद म्हणजे बंद" हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून कोळीवाड्यातली होडी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात उतरत नसे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात आणि त्याबद्दल कुणी ग्राहक मंचात जात नाही. समुद्राचं कॅलेंडर आपल्या माणसांनी कायम मानलं. पर्यटनाला तेवढं आपण त्या कॅलेंडरातून सूट दिली.

याला अपवादही आपल्याकडेच आहे, आणि तो मला फार्नपेक्षा मोठा वाटतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी नेली जात. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येऊ लागले, आणि गावातल्या घरांमध्येच राहू-जेवू लागले. आता यातली मेख पाहा. पिल्लू कधी बाहेर येईल हे कुणाच्या हातात नसतं. पाहुणा दोन दिवस राहूनही पिल्लू न बघता परतू शकतो. पण त्याने पैसे दिलेले असतात ते राहण्याचे आणि मोदकांचे, पिल्लाच्या हमीचे नाहीत. म्हणून घरट्यापाशी कुणाला घाई नसते. फार्नवाल्यांकडे संस्था, पैसा आणि तेराशे वर्षांचा साधू होता. वेळासला यातलं फारसं काही नव्हतं. तरी जमलं.

उत्तरेकडचे समुद्र सगळं बरोबर करतात असा माझा दावा नाही. पफिन ज्या वाळूमाशांवर जगतो ते मासे उत्तर समुद्रातून कित्येक वर्षं जहाजं भरभरून उपसले गेले, जनावरांचं खाद्य आणि तेल काढायला. इंग्लंडच्या हद्दीतल्या उत्तर समुद्रात ते थांबलं मार्च २०२४ मध्ये. म्हणजे बेटावर टोपी, वाट, कुत्रा सगळ्यांचे नियम, आणि दुसरीकडे समुद्रात त्याच पक्ष्याचं ताट पळवणारी जहाजं, असा प्रकार बरीच वर्षं चालला. माझ्या स्वतःच्या क्षेत्राबद्दलही बोललं पाहिजे. समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती किटीवेकसारख्या पक्ष्यांना लागतात, आणि म्हणून कुठे किती चक्क्या उभारायच्या यावर आम्हालाही "नाही" ऐकावं लागतं. ऐकताना रागही येतो. पण धक्क्यावर उभं राहून लोकांना "नाही" म्हणत एक मोसम काढल्यावर तो राग जरा कमी झालाय.

तर मग आपण काय करायचं? मोठमोठ्या सूचना करायला मी कुणी तज्ज्ञ नाही, पण तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. पहिली, "हमखास डॉल्फिन" अशी पाटी लावायला बंदी, आणि ती सगळ्या बोटींना. तिकीट समुद्राच्या फेरीचं असावं. किल्ला, खडक, पक्षी, तांडेलाच्या गोष्टी, आणि दिसला तर डॉल्फिन. दुसरी, एका कळपाजवळ एका वेळी किती बोटी आणि किती वेळ, हे बंदरातल्या बोटवाल्यांनीच बसून ठरवावं आणि बंदर खात्याने त्याच्या मागे उभं राहावं. बाहेरून कुणी शहाण्याने येऊन ठरवलं तर ते टिकणार नाही. तिसरी गोष्ट तुमची-माझी. बोटीत बसल्यावर "तिकडे घे, तिकडे घे" म्हणायचं नाही. उलट बसायच्या आधी सांगायचं, "दादा, पाठलाग करू नका. नाही दिसला तरी पैसे पूर्ण देऊ." हे एक वाक्य त्या माणसाच्या पायाखाली जमीन घालतं. आणि ते बोलायला कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आत्याला मी शेवटी एवढंच म्हटलं की, तिकीट फाडायला अक्कल लागत नाही, न फाडायला लागते. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, "ते सगळं खरं, पण नोकरी कधी सुरू होत्येय?" ऑक्टोबरात झाली. आता ऑफिसात बसून पात्यांवरच्या चिरा मोजते. पुढच्या डिसेंबरात मालवणला यायचं म्हणतेय. तुमच्यापैकी कुणी तिकडच्या बोटवाल्यांबरोबर असं काही ठरवायच्या खटपटीत असेल तर मला त्यांच्याशी बोलायला आवडेल, कारण धक्क्यावर उभं राहून गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे काय असतं हे मला थोडंफार कळलंय. असो.